डाव्या हाताचे घाव

संक्रांत होऊन आठ दिवस झाले आणि सावरधऱ्याच्या पांढरीवर खुंट्या ठोकल्या गेल्या.

पांढरी म्हणजे गावाच्या उगवतीला नाल्याकाठी असलेलं टेकाड. भोवताली सगळी काळी जमीन, तूर सोंगून झालेली, हरभरा घाट्यावर आलेला. आणि मधोमध हे भुरकट उंच रान, ज्यात कोणी काही पेरत नसे. कधीकाळी तिथं गाव होतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पावसाळ्यात खापरं उघडी पडत आणि पोरं ती नाल्यात भिरकावत. टेकाडाच्या पोटात राखेचा एक जाड थर होता. त्यातली माती पिठासारखी मऊ. भिंती पोतारायला तिच्यासारखी दुसरी माती नव्हती, म्हणून पूर्वी चार गावच्या बाया टोपली घेऊन यायच्या. आता घरं विटा-सिमेंटची झाली आणि पांढरीकडे जायची वाट बोरीबाभळींनी झाकली.

विद्यापीठाचे सर खोदकामाची जागा पाहायला पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं, या टेकाडाची माती कोणाला कळते. टेकाडाचा निम्मा भाग किसनराव पाटलाच्या सातबाऱ्यावर होता. तो पारावर बसल्या बसल्या म्हणाला, "जानरावले इचारा. अर्धी पांढरी त्यानं डोक्शावर वायली हाये. माह्या बापानं एक दिवस त्याले हटकलं नाई, आता तुमी त्याले उलटे पैसे द्यान."

लोक हसले. जानरावही हसला.

त्याचं घर बौद्धपुऱ्याच्या टोकाला. वय सदुसष्ट. अंगात मांस नावालाच, पण मनगटं जाड आणि हात डावा. कुऱ्हाड, विळा, टिकास, सगळं डाव्या हातानं. लहानपणी त्यासाठी मार खाल्ला होता, पुढे त्याच हातानं पोट भरलं. घरात त्याची एकुलती एक लेक भावना होती. तिचा नवरा नांदगाव पेठेला सुताच्या कारखान्यात कामाला होता आणि महिन्या-दीड महिन्यानं येऊन जात असे. बाप एकटा नीट जेवत नाही म्हणून ती माहेरीच राहिली होती. खोदकामावर दोघंही लागली. बाप चरात, लेक खापरं धुण्यावर.

चर म्हणजे चार मीटर लांब, चार मीटर रुंद चौकोनी खड्डा. त्याची जबाबदारी आकांक्षा नावाच्या मुलीकडे होती. चांदूर रेल्वेची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, याच टेकाडावर तिचा प्रबंध चालू होता. उन्हानं तिचं नाक सोललं होतं. ती सकाळी सर्वांच्या आधी चरात उतरे आणि संध्याकाळी सर्वांच्या मागून वर येई. तिनं पहिल्याच दिवशी कामाची रीत समजावून सांगितली. माती उकरायची नाही, खरवडायची. चार बोटं माती काढली की थांबायचं. रंग बदलला, मऊपणा बदलला, टिकासाचा आवाज बदलला, की खोदणाऱ्यानं तिथंच हात उचलायचा आणि ओरडून सांगायचं, माती बदलली. मग ती येणार, करणीच्या, म्हणजे गवंड्याच्या थापीच्या, टोकानं रेघ मारणार, आणि रेघेच्या अलीकडची खापरं एका थैलीत, पलीकडची दुसऱ्या थैलीत. एका थैलीचं खापर दुसऱ्या थैलीत गेलं की शे-पाचशे वर्षं इकडची तिकडे झाली.

जानरावाला हे एकदाच सांगावं लागलं. त्याचा हात डोळ्यांच्या आधी ओळखत असे. पहिल्या पंधरवड्यात त्यानं सात वेळा हात उचलला आणि सातही वेळा तिथं काहीतरी निघालं. कुठं चुलीची भाजलेली जमीन, कुठं खांब रोवल्याचा काळा गोल डाग. आकांक्षा त्याला काका म्हणे. पश्चिमेच्या कोपऱ्यात उजव्या हाताच्या माणसाला टिकास चालवायला जागा नव्हती, तो कोपरा तिनं त्यालाच देऊन टाकला.

वर कडुनिंबाखाली खापरांचं अंगण होतं. जमिनीवर दोऱ्यांचे चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एकेका थराची खापरं वाळत घातलेली. काळी-तांबडी वेगळी, नक्षीची वेगळी, जाड रांजणाची वेगळी. आठ बाया घमेल्यातल्या पाण्यात बुडवून दातांच्या ब्रशनं ती घासत. पाण्यानं बोटं पांढरीफटक पडत आणि खापरांच्या कडा लागून चिरत. भावनाचा हात त्यांत सगळ्यात जलद चाले. घासतानाच तिला दोन तुकडे एका भांड्याचे आहेत हे कळे, आणि ती ते शेजारी शेजारी ठेवून देई.

तिच्या बाजूला पार्वताबाई बसत असे. कुणब्याची विधवा, साठीची, तोंडानं फटकळ, पण डब्यातली चटणी आधी दुसऱ्याच्या भाकरीवर ठेवणारी. एके दिवशी भावनानं स्वतःचं घमेलं संपवून दुसरं पुढे ओढलं, तर पार्वताबाई म्हणाली, "हळू व माय. मायवर गेली पोरगी. तिलेबी अशीच घाई व्हती."

भावना घासत राहिली. तिला हे नवं नव्हतं.

तिची आई ललिता याच पांढरीत दबून गेली होती. तेव्हा भावना तीन वर्षांची. चौदा एप्रिल दहा-बारा दिवसांवर होती, जयंतीच्या आधी घरं पोतारायची म्हणून पुऱ्यातल्या बाया माती आणायला गेल्या. ललिता एका कपारीत शिरली आणि वरची दरड खाली आली. दोन बाया बाहेर होत्या त्या वाचल्या. गावात तेव्हापासून एकच गोष्ट सांगितली जाई. ललिता हावरी होती, चांगल्या मातीच्या लोभानं उंदरासारखी आत आत पोखरत गेली. पुढे ती गोष्ट लेकीसुनांना धाक घालायला कामी आली. कोणी पोर घाईनं विहिरीत वाकली, की म्हणत, ललिता होशील. भावना हे ऐकत मोठी झाली. जानरावानं ते कधी खोडून काढलं नाही.

त्या वर्षानंतर त्याच्या घराला पांढरी माती लागली नाही. चुना लागला, पुढे दुकानातला रंग लागला. लोक म्हणत, बायकोच्या दुःखानं सोडली.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला. चर आता छातीइतका खोल गेला होता. राखेचा थर उघडा पडला आणि त्यात सगळ्यात जुनी, नक्षीची खापरं सापडू लागली. आकांक्षा म्हणाली की हा थर तीन हजार वर्षांच्या आसपासचा असावा. जळके कुळथाचे दाणे निघाले. ती माती ड्रममधल्या पाण्यात ढवळून ते दाणे वर तरंगवत असे आणि चहाच्या गाळण्यानं अलगद काढून घेत असे.

बुधवारी दुपारी पश्चिमेच्या कोपऱ्यात जानरावाच्या टिकासाचा आवाज बदलला.

रंग तोच होता, राखही तीच. पण आतापर्यंत ती दबून बसलेली होती आणि टिकास टक् करून लागत होतं. इथं ते बसकट आवाज करून आत गेलं. त्यानं बोटांनी चाचपलं. ढेकळं होती, राखेचीच, एकावर एक पडलेली, मधे पोकळ. त्याचा हात वर उचलला गेला, सवयीनं. तोंडही उघडलं.

मग त्यानं वर पाहिलं. चराच्या काठावरून नाल्याकडची बाभूळ दिसत होती, तिच्या मागे किसनरावाच्या विहिरीचं जोतं. तो खांद्यांनी त्या रेषेत थोडा वळला आणि त्याला जागा ओळखू आली. चाळीस वर्षं तो या बाजूला फिरकला नव्हता. खुंट्या ठोकल्या तेव्हा त्यानं मनाशी ताडलं होतं की ती जागा अजून बरीच नाल्याकडे आहे. पण मधल्या काळात रस्त्याच्या भरावासाठी जेसीबीनं टेकाडाची ती बाजू कापून नेली होती, जुना उतार राहिलाच नव्हता. त्याचा अदमास वीस पावलांनी चुकला होता.

आकांक्षानं वरून विचारलं, "काय काका, बदलली का?"

"नाई ताई," तो म्हणाला. "घाम पुसून राह्यलो."

त्यानं हात खाली आणला आणि खरवडत राहिला. ढेकळं बोटांनी फोडून सारखी करीत गेला, जेणेकरून खालची आणि वरची राख एकसारखी दिसावी. पोकळी होती तिथं दाबून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात मातीशी खोटं बोलला आणि ते काम त्याला चांगलं जमलं, याचीच त्याला शिसारी आली.

ती कपार ललितानं पोखरलेली नव्हती. ती त्याची होती.

पांढरीची वरची साल कडक असे आणि तिच्यावर मेहनत फार पडे. म्हणून जाणती माणसं साल तशीच ठेवून खालून, आडवी, राखेची माती काढत. जानरावाइतकं आत कोणी जात नसे. त्यानं डवऱ्याच्या औताची झिजलेली पास, म्हणजे तण कापायचं आडवं पातं, लोहाराकडून तोडून घेतली होती आणि लांब दांड्यावर बसवली होती. त्या पात्यानं तो कुशीवर पडून राख ओढत असे. दरड पडली त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं कपार हातभर आणखी आत नेली, पुष्कळशी माती मोकळी करून ठेवली, पातं तिथंच सोडलं आणि घरी येऊन सांगितलं की उद्या तिथूनच भर, खणायचं कामच नाही. ललिता म्हणाली होती की वरचं छत पाहून भेव वाटते. तो भाकरी मोडता मोडता हसला होता. म्हणाला होता, मी रोज शिरून राह्यलो, मी मेलो काय.

दुसऱ्या दिवशी तो पाटलाच्या शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला गेला होता.

तिला काढलं तेव्हा लोकांनी कपार पाहिली आणि म्हटलं, बाईनं केवढं पोखरलं. तो तिथं उभा होता. त्या क्षणी सांगितलं असतं तर सांगून झालं असतं. तो गप्प राहिला आणि मग ती गोष्ट पक्की होत गेली.

शुक्रवारी सकाळी टिकासाच्या टोकाला लोखंड लागलं.

खण्ण असा आवाज आला नाही, गंजानं तो मारला होता. तरी त्याला कळलं. पातं राखेत आडवं पडलं होतं, गंजाचे फोड आलेलं, वीतभर. दांडा कुजून गेला होता. हाताखाली झाकून कमरेला खोचता आलं असतं. त्यानं ते झाकलंही. पण आकांक्षा त्याच्या शेजारी उकिडवी बसून खापरं थैलीत भरत होती, आणि थांबलेला हात तिला ओळखू येत होता. ती वाकली.

पुढचा सगळा दिवस कोणी दुसरं काम केलं नाही. फोटो निघाले, मोजमाप झालं. आकांक्षानं मऊ ब्रशनं एका बाजूचा गंज झाडला, तिथं एक भोक दिसलं, दांड्याला ठोकायचं. या थरात लोखंड म्हणजे काय ते तिनं सर्वांना सांगितलं. आजपर्यंत या भागात कोणाला सापडलं नाही इतकं ते जुनं ठरेल. सरांना फोन झाला. ते रविवारी एका मोठ्या प्राध्यापकांना घेऊन येणार होते. पुढच्या वर्षी मोठं काम निघेल, साऱ्या गावाला हंगाम मिळेल असं सर म्हणाले. किसनराव चराच्या काठावर येऊन उभा राहिला आणि आपल्या सातबाऱ्यात काय काय आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला.

जानरावानं त्या रात्री अर्धी भाकरी टाकली. भावनानं विचारलं तेव्हा दात दुखतो म्हणाला.

शनिवारी आकांक्षानं ते पातं खापरांच्या अंगणात आणलं आणि भावनाला म्हणाली की तुझा हात हलका आहे, याच्यासाठी डबा तयार कर. भावनानं पुठ्ठ्याचा डबा घेतला, त्यात कापसाची गादी केली. घरच्या कपाशीचा कापूस, सरकी काढून पिंजलेला. पातं दोन्ही हातांनी उचलून तिनं त्यावर ठेवलं. बाप पाणी प्यायला वर आला होता, त्याच्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, तीन हजार वर्सं झाली म्हन्ते मॅडम. कोनाच्या हातचं असंन हे?"

त्यानं पेल्यातलं उरलेलं पाणी जमिनीवर ओतून दिलं.

"कोनाचं का असंना," ती बायांकडे वळून म्हणाली, "निंगालं तं माह्या बापाच्या हातानं."

पार्वताबाई खापर घासता घासता म्हणाली, "थे खरं हाये व. बापाचा हात शायना, मायचा हावरा. तू बापावर जाय."

तिला वाईट काही म्हणायचं नव्हतं. ती कौतुकच करत होती. बाया हसल्या. आणि भावनाही हसली. मान खाली घालून, जरा ओशाळून, जसं माणूस आपल्या घरातल्या लपवता न येणाऱ्या खोडीवर हसतं तसं. मग तिनं डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा घमेलं पुढे ओढलं, पण या वेळी हळू, घाई दिसू नये असं.

जानराव पेला ठेवून खाली गेला. त्याला टोमणा नवा नव्हता. ते हसणं त्यानं आज पहिल्यांदा समोरून पाहिलं.

रविवारी सूर्य उगवायच्या आत तो पांढरीवर येऊन बसला. आकांक्षा आली तेव्हा दव होतं आणि चराच्या भिंती ओलसर होत्या. सर दहाला यायचे होते. ती भिंतीचं चित्र कागदावर काढायला बसली. हळूहळू बाया आल्या, भावना आली, पार्वताबाई आली. किसनराव टोपी घालून आला. जानराव सगळे जमेपर्यंत थांबला. मग पश्चिमेच्या कोपऱ्यात उतरला, पाण्याचा फवारा घेतला, भिंतीवर मारला आणि डावा हात वर केला.

"माती बदलली," तो म्हणाला.

आकांक्षा हसत म्हणाली की काका, आज तर कोणी टिकाससुद्धा उचललेलं नाही.

"आज नाई. बुधवारीच बदलली व्हती. मी सांगतलं नाई." त्यानं तिची करणी मागून घेतली आणि ओल्या भिंतीवर रेघ मारली. वरून खाली, मग आत वळून, कमानीसारखी. "याच्या इकडची राख बसेल हाये. तिकडची पडेल हाये. ढेकळं मी फोडून सारकी केली. हे जुनं नाई ताई. कपार हाये, चाळीस वर्साची. थे पातं माहं हाये."

ती उठली. तिच्या मांडीवरचा कागद खाली पडला. ती म्हणाली की काका, काहीतरी गोंधळ होतो आहे तुमचा, या थरात...

"एक भोक दिसलं ना तुमाले? दुसरं हाये. कडंले, बोटभर सोडून, तिरपं. लोहारानं आधी चुकून थे पाडलं, मंग दुसरं पाडलं. गंज काढा."

आकांक्षानं डबा मागवला. तो भावनाच घेऊन आली, चराच्या काठावर गुडघे टेकून तिनं तो खाली दिला. आकांक्षानं लाकडी काडीनं कडेचा फोड अलगद उकलला. गंजाची खपली निघाली. आत मातीनं बुजलेलं दुसरं भोक होतं, तिरपं.

तेव्हा जानरावानं बाकीचं सांगितलं. आकांक्षाकडे पाहून नाही, लेकीकडे पाहूनही नाही. हातातल्या करणीकडे पाहत. कपार कोणी केली, पातं कोणी सोडलं, भेव वाटते असं कोण म्हणालं आणि कोण हसलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

त्यानं वर पाहिलं तेव्हा काठावर भावना नव्हती.

सर दहाला आले. त्यांनी रेघ पाहिली, पातं पाहिलं, बराच वेळ भिंतीला बोटं लावून उभे राहिले. आकांक्षाचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी तिला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही, पण सोबतच्या मोठ्या प्राध्यापकांनी चहासुद्धा घेतला नाही आणि गाडीत जाऊन बसले. जानरावाला सर एवढंच म्हणाले की बुधवारी सांगितलं असतं तर या पोरीला आज लाजावं लागलं नसतं. ते खरं होतं. जानरावानं मान हलवली. ते गेल्यावर किसनराव म्हणाला, "चाळीस वर्सं गप बसला तं आनखी चार दिवस बसता, गड्या," आणि टोपी काढून काखेत धरून निघून गेला.

पुढच्या हंगामाचं कोणी नाव काढलं नाही. बायांनी जानरावाशी बोलणं सोडलं. कोणी ललितासाठी, कोणी बुडालेल्या कामासाठी.

घरात भावना भाकरी करत होती, ताट ठेवत होती, पाणी देत होती. पण तिनं बापाला हाक मारणं बंद केलं. ताट ठेवल्याचा आवाज झाला की तो उठून जेवायला बसे. पाच दिवस असे गेले. तिनं नवऱ्याला केलेला फोन ओसरीवर बसलेल्या जानरावाला ऐकू आला. ती परीक्षेतल्या मुलासारखं, हो, नाही, हो, नाही, एवढंच बोलत होती.

आकांक्षा मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा चरात आली. तिनं जानरावाला बोलावून घेतलं आणि कोरड्या आवाजात सांगितलं की कपार तर कपार, तीही नीट मोकळी करून, मोजून, चित्र काढूनच चर बुजवायचा असतो. वरची कडक साल आधी उतरवायची, म्हणजे आत शिरणाऱ्यावर भार राहणार नाही. तो काम करत राहिला. पडलेली राख सुटी होती, ती सहज निघाली. पाच दिवसांत कपारीची जुनी भिंत उघडी पडली, आणि त्या भिंतीवर घाव दिसले.

पात्याचे घाव. राखेचा थर ओलसर आणि घट्ट होता, त्यानं ते जसेच्या तसे धरून ठेवले होते. वीतभर रुंदीचे, एकाखाली एक, सगळे वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरलेले. आकांक्षा टॉर्च तिरकी धरून बराच वेळ ते पाहत राहिली. मग तिनं जानरावाच्या हातातल्या टिकासाकडे पाहिलं, आणि वर जाऊन भावनाला घेऊन आली.

भावना शिडीवरून खाली उतरली. बाप कोपऱ्यात सरकला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. टॉर्च घेतली आणि कपारीच्या तोंडापासून सुरुवात केली. प्रत्येक घावावरून ती बोट फिरवी आणि पुढच्यावर जाई. ती काय शोधते ते त्याला आधी कळलं नाही. तिची आई उजव्या हाताची होती. घाव उलट्या बाजूनं उतरलेला असला तर तो तिचा.

ती आतपर्यंत गेली, गुडघ्यांवर. तळाशी पोचली. परत आली, दुसऱ्या बाजूनं पुन्हा एकदा गेली. अंगणातल्या बाया काठावर जमल्या होत्या. वरून फक्त टॉर्चचा उजेड हलताना दिसत होता.

बाहेर येऊन ती उभी राहिली. केसांत, भुवयांवर राख.

"सारे तुमचेच," ती म्हणाली.

"माहेच," जानराव म्हणाला.

"तिचा एकबी नाई."

"तिनं खनलंच नाई. मी मोकळी करून ठेवेल माती भरून राह्यली व्हती थे. टोपलंबी पुरं भरलं नव्हतं."

भावनानं वर पाहिलं. पार्वताबाई काठावर पदर तोंडाला लावून उभी होती.

"पार्वताकाकू, खाली या."

पार्वताबाई म्हणाली की मला शिडी जमत नाही, गुडघे दुखतात. भावना शिडी धरून उभी राहिली. शेवटी म्हातारी एकेक पायरी चाचपत उतरली. भावनानं तिच्या हातात टॉर्च दिली आणि तिचं बोट धरून पहिल्या घावावर ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पार्वताबाईला कुठला घाव कोणत्या हाताचा ते कळेपर्यंत ती थांबली. मग पार्वताबाई तिथंच खाली बसली आणि म्हणाली, "माह्यं तोंड जळो व भावने. मीबी त्या दिवशी माती न्याले आली व्हती, कपारीच्या बाह्यर व्हती. मी पाह्यलं व्हतं तिले, मोकळी माती टोपल्यात भरत व्हती, खनत नव्हती. लोक म्हनत गेले तं मीबी म्हनत गेली."

भावनानं तिला उठवलं आणि वर पोचवलं.

आकांक्षानं घावांचं चित्र काढलं. एकेक घाव मोजून, त्याच्या उतारासह. वहीत काय लिहू म्हणून तिनं भावनालाच विचारलं. भावना विचार करून म्हणाली की वर्ष लिहा, आणि लिहा की खणणारा डावखुरा होता. तिनं तसंच लिहिलं. मग पात्याचा डबा पुढे केला, म्हणाली की हे आमच्या कामाचं नाही, घेऊन जायचं तर घेऊन जा. जानरावानं हात पुढे केला नाही. भावनानं डबा घेतला, पातं पिशवीत टाकलं आणि कापूस परत दिला.

मार्च संपता संपता चर बुजवला. चाळलेल्या मातीचा ढीग चराच्या काठावर होता, मैद्यासारखा बारीक. सगळी माती चरात गेली आणि ढिगाच्या बुडाशी थोडी राखेची माती उरली. शेवटच्या दिवशी आकांक्षानं सगळ्या बायांना हात जोडले, जानरावालाही जोडले, आणि खापरांचे खोके टेम्पोत चढवून ती गेली.

चार-पाच दिवसांनी दुपारी जानराव ओसरीवर बसला होता. पुऱ्यात जयंतीच्या पताका लावायला दोऱ्या ताणल्या जात होत्या, लाउडस्पीकरवाला तार जोडत होता. भावना डोक्यावर टोपलं घेऊन पांढरीकडून आली. तिनं ते अंगणात उतरवलं. माती होती. तिनं पिशवीतून ते पातं काढलं, दगडावर घासून त्याची एक कड उजळ केली आणि त्या पात्यानं स्वयंपाकघराच्या मागच्या कच्च्या भिंतीवरचे रंगाचे पोपडे खरवडायला सुरुवात केली. उजव्या हातानं. पोपडे पडत गेले, खालून चुना निघाला, चुन्याखालून जुनी माती.

भिंत साफ झाल्यावर तिनं टोपल्यातली माती घमेल्यात ओतली, मधे खळगा केला आणि थांबली.

"पानी आना," ती म्हणाली. बाबा म्हणाली नाही.

जानराव उठला. नळाला पाणी नव्हतं, तो हापशीवर गेला आणि बादली भरून आला. तिनं माती कालवली, फडकं बुडवलं आणि वरच्या कोपऱ्यापासून पोतारा द्यायला लागली. पाणी कमी पडलं तसा तो पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला तिनं बादली खाली ठेवू दिली नाही, फडकं त्याच्या हातातल्या बादलीतच बुडवू लागली. भिंत संपेपर्यंत तो बादली धरून उभा राहिला, डाव्या हातात.